पिशवी काढण्याचा प्रश्न

गेल्या वर्षी चवथीच्या आठ दिवस आधी पोटात डाव्या बाजूला जी कळ उठली, ती मी ओवा आणि गरम पाणी यांवर दोन दिवस काढली. तिसऱ्या रात्री मला शस्त्रक्रियेला घेतले. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर, भिंतीला बाहेरून आलेल्या बारीक फुग्यांपैकी एक फुटून पोटात पू पसरला होता. अशा पोटात आतडे तिथल्या तिथे जोडले तर जोड सुटण्याची भीती असते, म्हणून शल्यविशारदांनी खराब भाग काढला, गुदाशयाचे वरचे तोंड शिवून बंद केले आणि आतड्याचे टोक पोटावर बाहेर आणले. हार्टमन या फ्रेंच शल्यविशारदाने १९२१ मध्ये कर्करोगासाठी मांडलेली ही पद्धत आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

बाहेर आलेल्या त्या टोकाला स्टोमा म्हणतात. मळ तिथूनच बाहेर येतो आणि पोटावर चिकटवलेल्या पिशवीत साठतो. तो लालभडक आणि ओलसर असतो, गालाच्या आतल्या बाजूसारखा, आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. शस्त्रक्रिया ठरवून असेल तर रुग्णाला बसवून, उभे करून आदल्या दिवशी जागेवर खूण करतात. माझ्या बाबतीत तेवढा वेळच नव्हता, त्यामुळे स्टोमा नेमका परकराच्या नाडीच्या रेषेवर आला. एकतीस वर्षे शाळेत साडी नेसून उभी राहिलेली बाई मी, नाडी सैल केली तर निऱ्या सुटत आणि घट्ट केली तर पिशवीतले खाली उतरत नसे. शेवटी सुनेने रुंद इलॅस्टिकचे परकर शिवून दिले, ते बरेच वर, छातीखाली बसतात.

पिशवीची चकती कातडीवर चिकटवायची, तिचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापायचे, एवढे मला रुग्णालयात शिकवले होते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, तेव्हा माप पुन्हा घ्यायचे, हे मात्र माझ्या लक्षात राहिले नाही. मी जुन्याच मापाने भोक कापत राहिले आणि उघडी पडलेली कातडी मळाने सोलवटून निघाली. त्यावर सवयीने खोबरेल तेल लावले, तर चकती चिकटेचना. आता साध्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली पाच मिनिटे पूर्ण कोरडी करून मगच चकती लावते. तीन दिवस टिकणारी चकती आमच्या पावसाळ्यातल्या घामाने दीड दिवसात सुटते, त्याला इलाज सापडलेला नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करते, आणि बांगडा खाल्लेल्या दिवशी न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवते. बांगडा सोडलेला नाही.

या वर्षीच्या चवथीला सोवळ्याचा प्रश्न निघाला. जाऊबाईंनी नैवेद्याचे काम काही न बोलता दुसरीकडे दिले. भटजींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘वहिनी, पोटात सगळ्यांच्याच तेच असते.’ पुढच्या पाच दिवसांत तो विषय निघाला नाही.

त्याआधीच, सहाव्या महिन्यात, डॉक्टरांनी आतडे परत जोडण्याचा विषय काढला होता. शेजारीण तर दर आठवड्याला विचारायची, ‘पिशवी केन्ना काडटले गो?’ मलाही वाटत होते की उसवलेली शिवण पुन्हा घालण्यासारखे ते काम असेल. तसे ते नाही. पोट पुन्हा उघडायचे, आत चिकटलेली आतडी सोडवायची, ओटीपोटात बंद करून ठेवलेले टोक शोधायचे आणि गुदद्वारातून घातलेल्या गोल स्टेपलरने जोड द्यायचा. म्हणजे पहिल्याइतकीच मोठी शस्त्रक्रिया. जोड गळू शकतो. तो नाजूक वाटला, तर काही महिन्यांसाठी उजव्या बाजूला लहान आतड्याची दुसरी पिशवी लावावी लागते. पिशवी काढायला जाऊन पिशवी घेऊन यायचे, हे ऐकून मी वहीत प्रश्न लिहायचे थांबवले. जोडल्यानंतरही काही महिने दिवसातून अनेकदा, घाईने जावे लागू शकते, आणि हार्टमन झालेले पुष्कळ रुग्ण जोडणीपर्यंत कधी पोहोचतच नाहीत, हेही त्यांनी लपवले नाही.

मी बरेच दिवस नकाराकडे झुकले होते. पिशवीसह मी कदंबाच्या बसने डिचोलीहून पणजीला जाते आणि भजनाला दोन तास बसते. बसमध्ये अचानक कळ येण्यापेक्षा हे परवडले, असा माझा हिशेब होता. तो बदलला स्टोमाभोवती आलेल्या फुगवट्याने. पाण्याची घागर उचलू नका असे सांगितले होते आणि मी उचलत होते. हा हर्निया वाढत जाणारा आहे आणि तो दुरुस्त करायला पोट उघडावेच लागणार असेल, तर त्याच वेळी जोडणीही व्हावी, असे माझे मत झाले.

मग तपासण्या सुरू झाल्या. स्टोमातून दुर्बीण घालून उरलेले आतडे पाहिले. आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाने पिशवी इतक्या वेळा भरली की मी न्हाणीघरातच खुर्ची घेऊन बसले. बंद टोकात खालून औषध सोडून एक्स-रे काढला. त्या टोकातून अधूनमधून पांढरा चिकट स्राव येतो, तो पाहून मी पूर्वी घाबरले होते. तो आतड्याचा स्वतःचा स्राव असतो. गुदद्वाराच्या स्नायूंची पकड बोटाने तपासली, ती चांगली निघाली. अडले ते साखरेवर. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ८.४ होते, ते सातच्या आसपास आणा, चार किलो वजन उतरवा, मग तारीख देतो, असे डॉक्टरांनी सांगितले.

काल ते ७.३ आले. पुढची भेट तुळशीच्या लग्नानंतर आहे, आणि सुनेने पिशव्यांचा आणखी एक खोका मागवून ठेवला आहे.