रत्नागिरीत एकच खोली, रोज वेगळी दिशा

पुण्यातून कोकणात जाणाऱ्यांचा एक ठरलेला क्रम असतो: एक रात्र गुहागर, एक गणपतीपुळे, एक मालवण. म्हणजे रोज सकाळी खोली सोडा, पुढची दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही, आणि मधल्या वेळात ओले कपडे डिकीत आंबत पडलेले. त्यापेक्षा रत्नागिरी शहरात तीन-चार रात्रींसाठी एकच खोली घ्यावी आणि रोज रिकाम्या गाडीने बाहेर पडावं. मुक्काम गणपतीपुळ्यालाच का नको? कारण कोकणचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. पुळ्याहून दक्षिणेला जायचं म्हटलं की रत्नागिरीत येणं आलंच. शहरातून मात्र उत्तरेला आरे-वारे, दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून पावस आणि पूर्वेला हातखंबा असे तीन रस्ते फुटतात. वर मेडिकल, पंक्चरवाला आणि रात्री उशिराचं जेवण हाताशी राहतं ते वेगळंच.

पुण्याहून सरळ रस्ता म्हणजे सातारा, कराड, तिथून उंडाळे-कोकरूड करत मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. पहाटे पाचला कात्रज सोडलं तर नाश्त्याला कराड आणि जेवायला रत्नागिरी जमतं. कोथरूड-बाणेरकरांना ताम्हिणी जवळचा वाटतो, पण जोडून सुट्ट्या आल्या की माणगावच्या कोंडीत वाचवलेला वेळ व्याजासकट जातो. आंबा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर ढिले पडतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं दाट असतं, तेव्हा अंधार पडण्याआधी उतरलेलं बरं. रेल्वेने जाणार असाल तर पुण्याहून थेट गाड्या मोजक्याच दिवशी आणि त्याही पनवेलमार्गे आहेत. स्टेशन शहराबाहेर कुवारबावला आहे, त्यामुळे रिक्षाचा खर्च धरूनच चला.

खोली मारुती मंदिर परिसरात घ्यावी. समुद्र दिसणार नाही, पण तिन्ही दिशांना गाडी पटकन निघते. मांडवी-भाट्याकडची खोली छान असते, फक्त रोज सकाळ-संध्याकाळ बाजारातल्या गर्दीतून वाट काढावी लागते.

खरं वेळापत्रक ठरतं ते भरती-ओहोटीवर. किनाऱ्यावरची माणसं एक सोपा हिशेब करतात: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येतो तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसा-रात्री दोन्ही वेळा लागू. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरावी. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भिंतीवर कालनिर्णय असलेल्या कुठल्याही घरात सहलीचा आराखडा पाच मिनिटांत होतो.

आता हे संकष्टीला लावून बघा. गणपतीपुळ्याला त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. भरती तीनच्या सुमारास, म्हणजे दर्शन आणि जेवण उरकून लोक पाण्यात उतरतात तेव्हा ओहोटी लागलेली असते आणि पाणी आत ओढत असतं. पुळ्याचा किनारा मुळातच घातकी. घोट्याएवढ्या पाण्यात उभे आहात म्हणेपर्यंत पुढचा खड्डा येतो. तिथे पाय भिजवावेत, पोहू नये. दर्शन झाल्यावर डोंगराभोवतीची प्रदक्षिणा मात्र चुकवू नका. मूर्ती डोंगरातच असल्याने देवाची प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या डोंगराची. जांभ्याची पायवाट दुपारी तापते, म्हणून सकाळीच उरका.

उत्तरेच्या दिवसाला किनाऱ्याचा आरे-वारे रस्ता घ्या. पुळं पंचवीसेक किलोमीटरवर येतं, निवळीमार्गे याच्या जवळपास दुप्पट पडतं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आणि स्मारक, मग जयगडचा किल्ला. जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडीसकट शास्त्रीची खाडी ओलांडता येते आणि समोर हेदवी-वेळणेश्वर. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. खडकाच्या चिरेत लाट घुसली की पाणी उंच उडतं, ओहोटीला तिथे नुसती भेग दिसते. म्हणून हा दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे ठेवावा. भरती दुपारच्या आसपास येते आणि जोरही मोठा असतो. काठाच्या ओल्या, शेवाळलेल्या खडकावर मात्र जाऊ नका. शेवटच्या बोटीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून ठेवा. चुकलीच तर आबलोली, भातगाव पूल, जाकादेवी असा रस्त्याने परतायचा मार्ग आहे, पण तो रात्रीच्या अंधारात नको.

वाळूत गाडी घालण्याचा मोह या दिवशी हमखास होतो. ओली वाळू चालत्या गाडीला टणक वाटते. गाडी थांबली की चाकाखालची वाळू सैल होते, ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं, आणि भरती काही थांबत नाही. विमावालाही मग हात वर करू शकतो.

दक्षिणेला गर्दी कमी, आणि मला विचाराल तर हीच दिशा सरस. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधीमंदिर, पुढे मुचकुंदीच्या मुखाशी छोटासा पूर्णगड, मग गावखडी आणि कशेळी. कशेळीत कनकादित्याचं देऊळ, देवघळीचा कडा आणि सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचं, हत्तीचं कातळशिल्प एकाच फेरीत होतं. हा हत्ती उभ्याने एका नजरेत मावत नाही, त्याच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. कोकणातली ही शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती बघायची ती सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, कारण रेषा उथळ आहेत. तिरप्या उन्हात त्यांच्या कडेला सावली पडते तेव्हाच आकार उठून दिसतो, बाराच्या उन्हात समोर नुसता काळसर कातळ. फोटोसाठी रेषांत खडू किंवा चुना भरू नका, आणि त्यावर चालूही नका. हत्ती बघायला एवढ्या लांब जायचं नसेल तर निवळीच्या बाजूला उक्षीतही एक आहे.

शहराला अर्धा दिवस पुरतो. थिबा राजवाडा (1910 चा; ब्रह्मदेशाचा हा राजा 1916 मध्ये इथेच वारला), टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, 1931 चं पतितपावन मंदिर. संध्याकाळी रत्नदुर्गावर भगवती. दुपारी बाजार पेंगतो, पण पुणेकरांना त्याचं काय नवल.

मासे खायचे तर 1 जून ते 31 जुलै टाळा. तेव्हा यांत्रिकी मासेमारी बंद असते आणि ताटात बहुधा बर्फातला मासा येतो.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंब्याची पेटी आलीच. रस्त्याकडेच्या पेटीत वरचा थर देखणा आणि खालचा बारका, हा जुना खेळ आहे. बागेतून घ्या आणि खालचा थर उपसून बघा. साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि खराब निघणं, बाहेरून कळत नाही, त्यामुळे एखाद-दुसरा आंबा जाणार हे धरूनच चाला. पिकलेला नको, कडक घ्या. परतीच्या दिवशी सकाळी शेवटची वस्तू म्हणून पेटी गाडीत ठेवा, ती डिकीत नको, मागच्या सीटवर. जेवायला थांबाल तिथे गाडी सावलीत लावा. घरी आल्यावर पेटी लगेच उघडून आंबे पेंढ्यात एकेरी पसरा, आणि दर दोन दिवसांनी हात फिरवून मऊ पडलेले बाजूला काढा.