लेकीचं कॉलेज, समग्र आयडी आणि आमच्या वॉर्डाचं ते काउंटर

आधीच सांगते, हे मी शांत डोक्याने लिहीत नाहीये. लेकीची इंजिनिअरिंगची अॅडमिशन होऊन गेली, ती रोज कॉलेजला जाते, सगळं छान चाललंय, पण ओळखीतल्या दोघीतिघींनी विचारलं की तुम्ही इंदूरमध्येच का ठेवलं आणि नक्की काय काय करावं लागलं, आणि प्रत्येकीला फोनवर सांगताना माझं बीपी परत वाढतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आमच्याकडे, म्हणजे इंदूरच्या मराठी घरांमध्ये, बारावीनंतर पुणे हे धरूनच चालतात. आत्या पुण्यात, मामा पुण्यात, निम्मं गणगोत कोथरूडला. माझी नणंद तर लेक दहावीत असल्यापासून मागे, "वहिनी, सीओईपीला टाक ना, आमच्याकडेच राहील." सीओईपी म्हणजे पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. जसं काही प्रवेश ठरलेलाच आहे आणि प्रश्न फक्त गादी कुठे घालायची एवढाच. पण महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं माहितीपुस्तक एकदा नीट वाचा. दहावी बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असेल तर टाइप ए. नसेल पण आई किंवा वडिलांचं डोमिसाइल महाराष्ट्राचं असेल तर टाइप बी. मग पुढे केंद्र सरकारी नोकरीवाले, राज्य सरकारी नोकरीवाले, आणि शेवटी टाइप ई, त्यात मातृभाषा मराठी असं लिहिलेलं बघून मी दोन मिनिटं खुश झाले होते, पण ते फक्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मुलांसाठी. आमचं मराठी त्यात बसत नाही. सासऱ्यांचे आजोबा होळकरांच्या काळात इथे आले, घरात भांडणंसुद्धा मराठीत होतात, पण फॉर्मला त्याचं काय, आम्ही आणि केरळचा मुलगा एकाच खान्यात, महाराष्ट्राबाहेरचे. म्हणजे राज्याच्या जागा विसरा, ऑल इंडियाच्या तेवढ्या जागा, त्याही आधी जेईई मेनचा स्कोर असणाऱ्यांना. एमएचटी-सीईटीचे क्लास लावायला निघालेल्या इंदूरच्या आयांनो, आधी हे वाचा. नणंदेचं म्हणणं, दादाचं डोमिसाइल काढून घ्या. अगं, महाराष्ट्राच्या डोमिसाइलला 15 वर्षं राहावं लागतं, तुझा दादा लग्नकार्य सोडून सलग 15 दिवस तिथे राहिलेला नाही.

एनआयटीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचं, मात्र साधं आहे. तिथे बारावी ज्या राज्यातून, ते तुमचं होम स्टेट, डोमिसाइलचा कागद कोणी विचारत नाही. एनआयटीतल्या निम्म्या जागा होम स्टेटला, म्हणजे आपल्याला भोपाळचं मॅनिट घरचं आणि नागपूरचं व्हीएनआयटी परकं. ह्यावरून आठवलं, जी मुलं कोटाला जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दाखवतात त्यांचं होम स्टेट राजस्थान होतं, हे इथल्या भंवरकुआ भागातल्या क्लासवाल्यांपैकी कोणी आम्हाला आपणहून सांगितलं नाही. आम्ही लेकीला इथेच ठेवलं होतं म्हणून वाचलो. तरी मॅनिटमध्ये तिला हवी ती ब्रांच येईना आणि सिमरोलच्या आयआयटीचा विषय जेईई अॅडव्हान्स्डच्या निकालाला संपला, तर राहिलं इंदूर.

इंदूरमध्ये दोनच नावं मनात होती. एक आयईटी, खंडवा रोडला, देवी अहिल्या विद्यापीठाचंच डिपार्टमेंट, त्यामुळे डिग्री थेट विद्यापीठाची. दुसरं एसजीएसआयटीएस, पार्क रोडचं, 1952 सालचं, ते स्वायत्त आहे म्हणजे सिलॅबस आणि पेपर त्यांचे स्वतःचे, पण डिग्रीवर नाव भोपाळच्या आरजीपीव्हीचं, म्हणजे राज्याच्या तंत्र विद्यापीठाचं. नवऱ्याला ह्या डिग्रीवरच्या नावाचं फार होतं, मला अजिबात नव्हतं, लेकीला लॅब बघायच्या होत्या. प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांची होर्डिंग तर बायपासभर लागलेली असतात, हायेस्ट पॅकेज अमुक लाख. हायेस्ट म्हणजे एका मुलाचं, ते बघूच नका. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, जी कॉलेजं जातात त्यांना आपला डेटा वेबसाइटवर टाकावा लागतो, ती पीडीएफ शोधा, त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचा, पगार किती हे ओळीने दिलेलं असतं. आम्ही एका रविवारी डायनिंग टेबलवर सगळ्या कॉलेजांच्या त्या पीडीएफ मांडल्या आणि दोन होर्डिंगवाले तिथेच गळले.

म्हणजे निवडणं झालं. खरंच, निवडायला फार त्रास झाला नाही. त्रास पुढे.

एमपीच्या काउन्सिलिंगला, म्हणजे प्रवेशफेरीला, तुम्ही राज्याचे म्हणून जागा घेणार तर मूळ निवासी प्रमाणपत्र पाहिजे, म्हणजे इथलं डोमिसाइल. मेधावी विद्यार्थी योजनेलाही तेच, आणि ती योजना सोडू नका, सीबीएसईत 85 टक्के किंवा एमपी बोर्डात 70 टक्के आणि जेईई मेनची रँक दीड लाखाच्या आत असेल तर सरकार फी भरतं, उत्पन्नाची अट आहे ती त्या त्या वर्षी बघून घ्या. तर ते मूळ निवासी काढायला लोकसेवा केंद्रात गेलो, सरकारी दाखल्यांचे अर्ज तिथेच घेतात, तिथे पहिला प्रश्न, समग्र आयडी. इथल्यांना माहीतच आहे, बाहेरच्यांसाठी सांगते, एमपीत प्रत्येक कुटुंबाचा 8 आकडी आणि प्रत्येक माणसाचा 9 आकडी नंबर असतो आणि तो नसेल तर तुम्ही सरकारला दिसत नाही. आमचा होता. ऑपरेटर पोराने तो टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, "मैडम, ये तो कोई और है."

झालं असं की मार्कशीटवर लेकीचं नाव आणि आडनाव, शाळेने लिहिलं तसं. आधारवर तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, कारण आधार काढायला तिला आजोबा घेऊन गेले होते आणि आजोबांच्या मते नाव असंच सांगायचं असतं. आणि समग्रमध्ये, पुढे कुमारी, मग तिचं नाव, आणि आडनावाच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव! कधीतरी सर्वेला आलेल्या माणसाने मधलं नाव हेच आडनाव समजून लिहून घेतलं असणार. तीन कागद, तीन मुली. अर्ज त्याने घेतलाच नाही, पहले समग्र ठीक कराओ.

समग्रची ई-केवायसी घरून होते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. (तो मोबाइल नंबर चालू आहे ना ते आत्ताच बघा, आमचा होता पण शेजारच्या काकूंचा नव्हता, त्यांचे आधार केंद्राच्या रांगेत चार तास गेले.) पण नावात एवढा फरक असला की रिक्वेस्ट वॉर्डाच्या ऑफिसला मंजुरीला जाते, आणि तिथे आमची अडकली. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, धाकट्याचे कागद अजून तिथूनच व्हायचे आहेत.

काउंटरवर एक साहेब, समोर मॉनिटर, बाजूला कूलर ज्याचं तोंड फक्त त्यांच्याकडे, आणि आमच्या बाजूला सुतळीने टेबलाला बांधलेलं पेन, रिफिल नसलेलं. म्हणजे पेन चोरीला जाऊ नये म्हणून बांधलंय आणि त्यात चोरण्यासारखं काही नाही. पहिल्यांदा गेले तर "दिख नहीं रहा". मग दिसलं, तर "मार्कशीट लाओ". ती होती, दिली. तर "शपथपत्र लगेगा". नोटरीकडून शपथपत्र करून आणलं तर "स्कूल का लेटर भी". मी म्हटलं सगळं एकदम सांगा ना हो, मी लिहून घेते, तर म्हणतात पहले ये तो लाओ. शाळेला सुट्ट्या, प्रिन्सिपल बाहेरगावी, ते पत्र आणायला मी शाळेच्या क्लार्कच्या घरी गेले, त्या बाईंचे उपकार आहेत माझ्यावर. पत्र घेऊन पोचले तर साहेब फील्डमध्ये. फील्ड कुठे असतं कोणालाच माहीत नाही. तिकडे काउन्सिलिंगची रजिस्ट्रेशनची तारीख रोज एक दिवस जवळ, लेक घरी चॉइस फिलिंगची, म्हणजे कॉलेज आणि ब्रांचच्या पसंतीची, यादी वरखाली करत बसलेली आणि मी तोंडाला स्कार्फ बांधून अॅक्टिव्हावर.

आणि एक दिवस त्यांनी मला शांतपणे विचारलं, "पापा का नाम बीच में क्यों है?" मी म्हटलं भाईसाब, हम महाराष्ट्रियन हैं, हमारे में ऐसा ही होता है. तर ते, "तो फिर मार्कशीट में क्यों नहीं है?" आता ह्यावर काय बोलणार! माझ्या मागे रांगेत एक आजी होत्या, त्या मराठीत पुटपुटल्या, "बाई गं, माझं तर माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, मी कधी सुटायची." अख्ख्या त्या ऑफिसात मला त्या एकट्या आपल्या वाटल्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. एमपीत लोकसेवा गॅरंटीचा कायदा 2010 पासून आहे, देशात पहिला आपलाच. लोकसेवा केंद्रात अर्ज दिला की पावती मिळते, पावतीवर तारीख छापलेली असते की ह्या दिवसापर्यंत काम होणार, नाही झालं तर वर अपील करता येतं. उत्तम कायदा आहे, आणि खरंच चालतो. पण तुमचा अर्ज घेतलाच नाही तर? पावती नाही, तारीख नाही, दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. आणि समग्रच्या त्या मंजुरीसाठी माझ्या हातात कुठलीच पावती नव्हती, फक्त स्क्रीनवर पेंडिंग. पेंडिंगला तारीख नसते. म्हणून कुठल्याही खिडकीवर तोंडी नाही ऐकून परत फिरू नका, आपला अर्ज साध्या कागदावर लिहा, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि सही मागा. शिक्का मागितला की माणसं एकदम वेगळी वागायला लागतात.

मला हे भावाने सांगितलं आणि तोच म्हणाला ताई 181 लाव. सीएम हेल्पलाइन. मी आयुष्यात कधी कुठे तक्रार केली नव्हती, नवरा तर नकोच म्हणत होता, उगाच खुन्नस काढतील. लावला. हेल्पलाइनच्या पोरीने नीट ऐकून घेतलं, रिक्वेस्ट नंबर घेतला, तक्रार क्रमांकाचा मेसेज आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुकर लावत होते तर फोन, तेच साहेब, आवाज एकदम लोण्यासारखा, "अरे मैडम, कम्प्लेंट क्यों कर दी, आप तो घर के जैसे हो, आ जाओ, कर देते हैं, बस वो वापस ले लेना." ज्या माणसाला काल मी दिसत नव्हते त्याच्याकडे माझा नंबर होता!

गेले. त्यांनी माऊस हलवला, एक क्लिक, दुसरा क्लिक, "हो गया." शपथपत्र, शाळेचं पत्र, काही उघडूनसुद्धा बघितलं नाही. मला इतका राग आला की धन्यवादही म्हटलं नाही. तक्रार मागे घ्यायला लगेच हो म्हणू नका बरं का, आधी घरी जा, पोर्टलवर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा, मग. साहेब त्यांचा फोन पुढे करून "अभी बोल दो" म्हणत होते, मी म्हटलं घरी जाऊन बोलते. आणि खरंच जेवणं आवरून मग बोलले.

त्यानंतर लोकसेवा केंद्रात अर्ज, पावती, आणि पावतीवरच्या तारखेच्या आत प्रमाणपत्र मोबाइलवर. काउन्सिलिंग, अलॉटमेंट, कागद तपासणी, सगळं सुरळीत. एसजीएसआयटीएसला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, आयईटीला दुसरी ब्रांच मिळाली असती पण लेकीने लॅब बघून ठरवलं होतं आणि तिचंच चाललं. नणंद अजून फुगलेली आहे.

राहिलेलं आठवतंय तसं लिहिते. नाव दुरुस्त करायचं तर मार्कशीट हेच खरं धरा आणि आधार, समग्र त्याच्यासारखं करा, सीबीएसईकडून मार्कशीटचं नाव बदलून घेणं म्हणजे फार लांबचा रस्ता. हे मूल नववीत असतानाच करा, बारावीच्या उन्हाळ्यात नाही. चॉइस फिलिंग करताना ब्रांच आधी की कॉलेज आधी हे घरात आधीच भांडून घ्या, शेवटच्या रात्री नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट सीबीएसईचं असेल तर डिजिलॉकरमध्ये येतं, त्यासाठी शाळेत चकरा मारू नका. आणि प्रायव्हेटवाले एप्रिलपासून फोन करतात की सीट ब्लॉक करून ठेवा, थोडेच पैसे भरा. फी परत मिळण्याचे यूजीसीचे नियम आहेत, पण तुम्ही भरताय ती रक्कम फी म्हणून पावतीवर लिहिलीये की भलत्याच नावाखाली, हे भरायच्या आधी काउंटरवर उभं राहूनच वाचा.