ह्युमिडॉर नोंद: सेलोचा निकाल लावायचा होता, मध्येच भुंगेरा निघाला

सिगार सेलोत (तिच्या पारदर्शक सेलोफेनच्या वेष्टनात) ठेवावी की उघडी, या डिसेंबरात लावलेल्या प्रयोगाचा निकाल या महिन्यात लिहायचा होता. एकाच खोक्यातले २० रोबुस्तो (आखूड, जाड सिगार), १० सेलोसकट, १० उघडे. ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठराविक दमटपणात ठेवायचा डबा, म्हणून कूलर बॉक्स एकच, बोवेडा ६५ (दमटपणा ६५ टक्क्यांवर राखणारी पुडी) तेच. फेब्रुवारीपर्यंत उघड्यांची सरशी होती. सीडरच्या फळीचा वास त्यांनी असा धरला होता की मी सगळ्यांचे सेलो काढून टाकायच्या बेतात होतो.

८ मे ला झाकण उघडलं तर वरच्या थरातल्या एका उघड्या सिगारला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. पांढऱ्या कागदावर हलकेच टिचकी मारली, तर बारीक भुकटी पडली आणि तिच्यातून डोकं खाली दुमडलेला, तांबूस, जेमतेम अडीच मिलिमीटरचा भुंगेरा चालत निघाला. पोटात गोळा आला.

एकेक सिगार उजेडात धरून पाहिली. ७ गेल्या. त्यातल्या ५ उघड्या, २ सेलोतल्या. सेलोतल्या एकीची भुकटी आणि मेलेला भुंगेरा दोन्ही आतच अडकलेले होते, शेजारणीला काही झालं नव्हतं. दुसरीच्या मात्र सेलोलाच भोक होतं. म्हणजे सेलो ही काही भिंत नाही, भुंगेरा तो कुरतडतो. पण त्याची चाल मंदावते, आणि एवढ्यावरही बरंच वाचतं.

आला कुठून, हे शोधण्यात दोन दिवस गेले. अंडी पानातच असू शकतात, हे आपल्याला माहीत आहेच. पण मार्चमध्ये मी बॉक्स मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवला होता, कारण घरात तीच सगळ्यात थंड. आम्ही भिवापूरकडचे, त्या खोलीत मिरचीची पोती असतात. एक पोतं झटकलं तर तोच भुंगेरा. तंबाखूचा म्हणतात त्याला, पण मिरची, हळद, धने काहीही चालतं. आणि आमच्या मे महिन्यात ती थंड खोलीसुद्धा ३१ अंशांवर. ३० च्या आसपास अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत त्याला महिना पुरतो. दमटपणा सांभाळण्यात मी इतका गुंतलो की तापमानाकडे पाहिलंच नाही.

आत अंडी-अळ्या असतील तर मराव्यात म्हणून उरलेल्या १३ गोठवायच्या ठरवल्या. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १० च्या खाली जाईना, त्यात दुपारी ३ तास लाईट नाही. शेवटी बसस्टँडवरच्या मित्राच्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये जागा मिळाली, तिथे उणे २०. दोन झिपलॉक एकात एक, ४ दिवस. मग १ दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग खोलीत, मग बॉक्समध्ये.

सोनाराकडचा छोटा वजनकाटा आणून आधी आणि नंतर वजन केलं. १२ ग्रॅमच्या आसपासची उघडी सिगार सरासरी ०.४ ग्रॅमने उतरली, सेलोतली ०.१ ने. उघड्या ५ पैकी २ पेटवायच्या बाजूने तडकल्या. सेलोतल्या आठही धड! रात्री दोनदा मोजून पाहिल्या. सेलो वाफ पूर्ण अडवत नाही, लाकडाच्या लगद्याचाच तो. पण ओलावा सावकाश जातो आणि सावकाश परततो, पानाला धक्का बसत नाही.

पवनीचे मामा बिडीच्या धंद्यात होते, त्यांना तडकलेली दाखवली. म्हणाले, “कोरड्या पानाले हात नको लावू, पयले पानी शिपड.” तेंदूची वाळलेली पुडकी पोत्यात भरण्याआधी पाणी मारून मऊ करतात, नाहीतर पानाचा चुरा होतो. मी उघड्या सिगारी फ्रीजमधून काढल्या काढल्या चिमटीत धरल्या होत्या. आता बॉक्समध्ये आठवडाभर राहिल्याशिवाय हात लावणार नाही.

हायग्रोमीटरचंही, म्हणजे दमटपणा मोजायच्या यंत्राचं, सांगतो. ऑनलाइन मागवलेला नवा डिजिटल ओल्या मिठाच्या बंद बरणीत ८३ दाखवत होता, यायला हवे ७५, तिथला दमटपणा तेवढाच असतो. विक्रेता बदलून द्यायला तयार नाही. मिठाची परीक्षा केल्याशिवाय कुठल्याच काट्यावर विसंबू नका. बोवेडावर मात्र माझा भरवसा वाढला. बाहेर १५ टक्के असताना बॉक्समध्ये ६३ च्या खाली काटा गेला नाही.

तापमान सांभाळायला वाइन कूलर (विजेवरचं छोटं थंड कपाट) घ्यायचं ठरत होतं, पण आमच्याकडच्या लाईटवर तो काय चालणार? काल जुन्या रांजणाच्या तळाशी वाळू घातली, बाहेरून ओलं पोतं गुंडाळलं, आत थर्मामीटर सोडला. दुपारी सावलीत ४३, रांजणात २७. आत हवा फार दमट, म्हणून सिगारींचा डबा रबरी गॅस्केटचाच लागेल. २७ म्हणजे अजून जास्तच, पण ३१ पेक्षा पुष्कळ बरं. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, आजीच्या वेळचा मोठा रांजण गोठ्यात पडून आहे. लहान रांजण त्यात बसला तर मधल्या फटीत ओली वाळू भरता येईल.

तर सध्या उन्हाळाभर सगळ्यांचे सेलो राहतील. तडकलेल्या दोन आधी ओढून संपवतो. उरलेल्या तीन उघड्यांना जुने सेलो चढवायचे आहेत, एकावर तर पानाच्या तेलाने चहासारखा रंग चढलाय. दिवाळीनंतर थंडी पडली की चार सेलोतल्या उघड्या करीन. वाळू आज संध्याकाळी नाल्यावरून आणायची आहे. कोणी दुहेरी रांजण केला असेल तर फट किती इंच ठेवली ते कळवा.