लिव्हरपूलचं पाणी आणि वेल्समधलं बुडालेलं गाव : माझा अनुभव

आमच्या सहलीत लंडन नव्हतंच. धाकटा भाऊ लिव्हरपूलला एका रुग्णालयात नोकरी करतो. आईला त्याचं बिऱ्हाड बघायचं होतं, मला शहराबाहेरचे डोंगर बघायचे होते. नकाशा घेऊन बसले तेव्हा वेल्समधलं बाला हे छोटं गाव सापडलं, आणि त्याच्या वर डोंगरात लिन केलिन नावाचं तळं. थोडं वाचल्यावर कळलं की हे तळं म्हणजे धरण आहे, लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बांधलेलं, आणि त्याच्या तळाशी कापेल केलिन हे गाव आहे. आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली. तिला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "मग तिथं जाऊया."

आधी व्हिसाचं सांगते, कारण आईवडिलांना घेऊन जाणारे बरेच जण तिथेच धास्तावतात. आम्ही सहा महिन्यांचा साधा व्हिजिटर व्हिसा काढला. फॉर्म ऑनलाइन भरायचा, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची आणि केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे व फोटो द्यायचा. आईच्या बाजूने पेन्शनचे कागद, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स आणि सातबारा, भावाकडून निमंत्रणाचं पत्र, नोकरीचा दाखला आणि घराचा भाडेकरार असं सगळं जोडलं. सहा महिन्यांच्या आतल्या भेटीसाठी क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागत नाही. आम्हाला तो काढायला सांगणारे दोघे-तिघे भेटले होते. मराठी कागदाला मात्र भाषांतर लागतंच. कागद इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा, असा नियम आहे, आणि त्या भाषांतरावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि ते अचूक असल्याचा दाखला हवा. आईचा सातबारा नव्या गावठाणातल्या जमिनीचा, पुनर्वसनात मिळालेल्या. भाषांतरकाराने तेवढ्याच आस्थेने तोही शेरा इंग्रजीत आणला. परत परत वाचून मगच चढवला.

मँचेस्टरला उतरून रेल्वेने लिव्हरपूल गाठलं. शहराबद्दल सगळं सांगत बसत नाही. मर्सी नदीवरची फेरी बोट जरूर घ्या, पलीकडच्या काठावरून दिसणारं शहर फार देखणं आहे. १८४६ साली उघडलेली अल्बर्ट डॉकची गोदामं बघा, आगीच्या भीतीने लाकूड टाळून लोखंड, वीट आणि दगडात बांधलेली. होप स्ट्रीट हा एकच रस्ता दोन टोकांच्या दोन कॅथीड्रलना जोडतो, तो सावकाश चालत जा.

आम्ही मात्र वेल्सच्या खुणा शोधत हिंडलो, आणि त्या पावलोपावली सापडल्या. लिव्हरपूलच्या चाळवजा घरांच्या कित्येक रांगा वेल्समधून आलेल्या कंत्राटदारांनी आणि गवंड्यांनी बांधल्या. टॉक्स्टेथ भागात 'वेल्श स्ट्रीट्स' म्हणून ओळखली जाणारी गल्ल्यांची वस्ती आहे. मॅड्रिन, व्होएलास, रिव्लास अशी वेल्समधल्या ठिकाणांची नावं त्या गल्ल्यांना आहेत. बीटल्सचा रिंगो स्टार मॅड्रिन स्ट्रीटवरच्या घरात १९४० साली जन्मला. पर्यटक तिथे त्याच्यासाठी येतात. वेल्श भाषेतल्या साहित्य-संगीताचा मोठा राष्ट्रीय मेळावा, आयस्टेथवड, लिव्हरपूलमध्येही भरलेला आहे. म्हणजे हे शहर वेल्सला परकं नव्हतं. लोक आपलेच, चाकरमानी आपलेच. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त लागलं असणार.

दुपारी टाऊन हॉलसमोर गेलो. अठराव्या शतकातली घुमटाची इमारत. नोव्हेंबर १९५६ मध्ये कापेल केलिनचे गावकरी बायकामुलांसह इथे मोर्चा घेऊन आले होते. तुमची घरं शाबूत आहेत, आमची वाचवा, आमची घरं बुडवू नका, अशा अर्थाचे फलक त्यांच्या हातात होते. त्या मोर्चाचे फोटो मी आईला फोनवर दाखवले. ती फोटोतल्या बायकांचे कोट, टोप्या, चेहरे निरखत राहिली. मग म्हणाली, "आमचे लोक कलेक्टर कचेरीला गेले होते. धोतर-पटक्यातले. मी तेव्हा लग्नाची होते, आम्हाला नेलं नव्हतं." हे तिने याआधी कधी सांगितलं नव्हतं.

लिव्हरपूलहून बालाला गाडीशिवाय जाता येतं, आणि नीट जाता येतं. भावाची ड्यूटी असल्याने आम्ही दोघीच निघालो. दोन माणसं बरोबर प्रवास करणार असतील तर टू टुगेदर रेलकार्ड काढा. रेल्वेच्या तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही, आणि दोघांचे फोटो लागतात. लिव्हरपूल ते चेस्टर मर्सीरेलची गाडी, चेस्टरला बदलून रुआबनपर्यंत ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सची गाडी, आणि रुआबनहून टी३ क्रमांकाची बस. ही बस रेक्समहून निघते आणि लँगोलेन, कॉर्वेन, बाला, डॉल्गेथलाय करत थेट बार्मथच्या समुद्रापर्यंत जाते. बसची पायरी खाली वाकते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही चढता येतं. रविवारी फेऱ्या कमी असतात, तेव्हा वार बघून निघा.

या वाटेची खरी गंमत मला प्रवासातच कळली. डी नदी बालाच्या वरच्या डोंगरात उगम पावते, बालाच्या तळ्यातून बाहेर पडते, लँगोलेनवरून चेस्टरला येते आणि पुढे समुद्राला मिळते. म्हणजे आम्ही नदीच्या उलट दिशेने, तोंडाकडून उगमाकडे चाललो होतो. लिन केलिनचं पाणी लिव्हरपूलला थेट नळाने जात नाही. धरणातून ते त्रवेरिन नदीत सोडतात, त्रवेरिन बालाजवळ डीला मिळते, आणि चेस्टरजवळ डीमधून पाणी उचलून शुद्ध करून शहराकडे नेतात. धरण बांधलंय ते नदीला उन्हाळ्यात पाणी पुरवायला. आई कालव्याच्या पाळीवर वाढलेली, तिला हे दोन वाक्यांत समजलं.

लँगोलेनला उतरून मुक्काम केला. जवळच पोंटकसल्टे इथला जलसेतू आहे. थॉमस टेलफर्डने बांधलेला, १८०५ साली उघडलेला. दरीच्या तळापासून ३८ मीटर उंचीवर दगडी खांबांवर लोखंडी पन्हळ टाकलेली, आणि तिच्यातून आजही बोटी जातात. एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. २००९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. ज्यांना उंचीची भीती नाही त्यांनी बोटीत बसावं. आई पायवाटेने कठडा धरून पलीकडे गेली आणि परत आली. या कालव्यात डीचंच पाणी येतं, लँगोलेनच्या वर नदीत घातलेल्या अर्धवर्तुळाकार बंधाऱ्यावरून, आणि तेही पुढे पिण्यासाठी वापरतात. दोनशे वर्षांपूर्वीचं काम आजही पाणी देतंय याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

बालात पोचलो तर गावात सगळीकडे वेल्शच कानावर येत होती. दुकानात, बसथांब्यावर, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या तोंडी. पाट्यांवर आधी वेल्श, मग इंग्रजी. गावाच्या कडेला लिन तेगिद हे वेल्समधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं पसरलंय. ग्विनियाड नावाचा मासा मूळचा फक्त याच तळ्यातला. काठाने एक छोटी वाफेची गाडी धावते. चहाबरोबर बारा ब्रिथ मिळतो, चहात भिजवलेल्या मनुका घातलेला पाव, लोणी लावून. आईला तो फार आवडला.

धरणाकडे जायला आम्ही टॅक्सी ठरवली आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवून घेतली, कारण तिथे वाटेत गाडी मिळायची आशा नाही. चालक तिथलाच, मध्यमवयीन. आम्हाला रस्त्यात फ्रॉनगॉक दाखवलं. १९१६ च्या आयरिश उठावानंतर पकडलेल्या माणसांना तिथल्या छावणीत ठेवलं होतं. आता जवळच त्रवेरिनवर राफ्टिंगचं राष्ट्रीय केंद्र आहे. उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटतात तेव्हा धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे ही नदी खळाळती राहते, म्हणून लोक लांबून येतात. आई म्हणाली, भिगवणला रोहित पक्षी बघायला येतात तसंच. तिच्या माहेरच्या शिवारावर आता दर हिवाळ्यात पक्षी बघणाऱ्यांच्या होड्या फिरतात. यात तिला राग नव्हता. पक्ष्यांवर तिचं प्रेमच आहे. फक्त होडीवाल्याने खाली काय आहे तेही सांगावं, असं तिचं म्हणणं.

धरणाची भिंत काँक्रीटची नाही, मातीचा भराव आहे आणि त्यावर गवत उगवलंय. लांबून टेकडीच वाटते. माहीत नसलेला माणूस फोटो काढून पुढे जाईल इतकं सुंदर तळं आहे. पण खाली शाळा होती, टपाल कचेरी होती, चॅपेल होतं, शेतं आणि घरं होती. लिव्हरपूलने ब्रिटिश संसदेत स्वतंत्र विधेयक आणलं, त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक मंडळींची परवानगी घ्यायची गरजच उरली नाही. १९५७ साली कायदा झाला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिलं नाही. तरी झाला. खोऱ्यातून जाणारी बाला ते ब्लायनाय फेस्टिनियोग ही रेल्वेही त्यापायी बंद पडली. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये धरणाचा उद्घाटन समारंभ आंदोलकांनी गोंधळ घालून उधळला. पुढच्याच वर्षी वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचा, प्लाइड कमरीचा, पहिला खासदार निवडून आला. त्रवेरिनमुळे (या सगळ्या प्रकरणाला तिथे नदीच्याच नावाने ओळखतात) पेटलेलं मन त्यामागे होतं असं तिथली माणसं मानतात.

काठावर जुन्या गावाचे दगड वापरून बांधलेलं स्मारक-चॅपेल आहे. साधी, वळणदार दगडी इमारत, आणि शेजारी स्मशानातून हलवलेल्या काही शिळा. काही कुटुंबांनी आपली माणसं उकरून दुसरीकडे नेली, बाकीच्यांवर काँक्रीट घातलं आणि पाणी भरलं. आईने मला हे दोनदा सांगायला लावलं. मग तिने चालकाला माझ्याकरवी विचारलं की पाणी उतरलं की काही दिसतं का. तो म्हणाला, अवर्षणात खूप उतरलं तर भिंतींचे पाये, जुना रस्ता दिसतो. आई म्हणाली, "सांग त्यांना, आमच्याकडे पळसदेवचं देऊळ वर येतं. अख्खं." मी सांगितलं. त्याने फोटो आहे का विचारलं. माझ्या फोनमध्ये होता, एका दुष्काळी मे महिन्यातला, भेगाळलेल्या गाळात उभं शिखर. त्याने तो बराच वेळ बघितला आणि आपल्या मुलीसाठी मागून घेतला. तिच्या शाळेत त्रवेरिन शिकवतात म्हणाला.

२००५ साली लिव्हरपूलच्या नगर परिषदेने जाहीर माफी मागितली. आपल्या आधीच्या परिषदेने असंवेदनशीलपणा दाखवला असेल तर त्याबद्दल माफी, आणि वेल्सशी जुने संबंध पूर्ववत व्हावेत, असा तिचा आशय. तो मी तिथे काठावर उभं राहून आईला वाचून दाखवला. 'असेल तर' कशाला, असं तिने विचारलं. तरीही मागितली हे चांगलं केलं, असंही म्हणाली. वेल्सभर भिंतींवर 'कोविउख द्रवेरिन', म्हणजे त्रवेरिन विसरू नका, असं रंगवलेलं दिसतं. अॅबेरिस्टविथजवळची मूळ भिंत १९६० च्या दशकातली. २०१९ मध्ये कुणी तिची मोडतोड केली, तर लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि गावोगावी तशाच नव्या भिंती रंगवल्या. उजनीवर अशी एक भिंत असावी, असं मला फार वाटतं. निदान भिगवणला होड्या सुटतात तिथे बुडालेल्या गावांची नावं लिहिलेला एक फलक तरी.

आता कुणाला जायचं असेल तर थोडं. लिव्हरपूलहून एका दिवसात हे उरकू नका, बालात मुक्काम करा. मे ते सप्टेंबर उजेड उशिरापर्यंत असतो. पाऊस कधीही येतो, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटवतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी लिन एव्हिर्नविही बघावं. लिव्हरपूलनेच १८८० च्या दशकात दगडी धरण बांधून लॅनवुदिन हे गाव बुडवलं ते. आमचं ते राहिलं. भावाने पुढच्या खेपेला गाडीने न्यायचं कबूल केलंय आणि आईने आतापासूनच तारीख विचारायला सुरुवात केलीय.