तुम्ही विचारलंत म्हणून : ॲम्प आतल्या खोलीत ठेवायचा तर

"दादा, ॲम्प आतल्या खोलीत ठेवला तं आवाज काऊन मरते?" घरी रेकॉर्डिंग करणारी, गिटार वाजवणारी नागपूरची पोरं ॲम्पबद्दल, म्हणजे गिटारच्या ॲम्प्लिफायरबद्दल, मला हे सतत विचारतात. अडचण खरी आहे. मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, कूलर बंद करून बसवत नाही, आणि तो चालू असला की माइकमध्ये गिटारपेक्षा कूलरच जास्त येतो. मग ॲम्प आणि माइक आत, वाजवणारा बाहेर, ही मांडणी शहाणपणाचीच.

आवाज मरतो, कारण बहुतेक जण गिटारचीच केबल लांब करतात. पिकअपमध्ये, म्हणजे गिटारच्या तारांखालच्या चुंबकी भागात, बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणाऱ्या सिग्नलचा इम्पीडन्स (विद्युत अडथळा) जास्त, म्हणून तो फार नाजूक. केबलची मधली तार आणि भोवतीची जाळी मिळून कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) तयार होतो, मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड. 3 हेन्रीचा पिकअप 5 मीटर केबलवर 4 किलोहर्ट्झच्या आसपास उठाव देतो. गिटारची चमक तिथेच असते. केबल 15 मीटर केली की तो उठाव 2.4 किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो आणि त्याच्या वरचं झपाट्याने गळतं. ट्रेबल वाढवून भरपाई करायला गेलात तर सोबत खरखरही वाढते.

म्हणून माझं उत्तर ठाम आहे: हेड (ॲम्पचा बटणांचा भाग) स्वतःजवळ ठेवा, फक्त कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आत न्या. गिटारची केबल आखूड राहते, बटणं हाताशी राहतात, लांब जाते ती स्पीकरची वायर. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीच एमएमची तांब्याची लवचीक वायर मिळते. 15 मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध 0.2 ओहमच्या आसपास; 8 ओहमच्या स्पीकरवर घट पाव डेसिबलहून कमी. कानाला ती कळणारही नाही.

दोन्हीकडे सारखाच जॅक बसतो म्हणून गिटारची केबल मात्र स्पीकरला लावू नका. तिची तार बारीक असते, तापते. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचाच नाही आणि ओहम जुळवूनच घ्यायचे, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कॉम्बोला (हेड आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या ॲम्पला) स्पीकरचा जॅक नसेल तर गिटारजवळ बफर, म्हणजे सिग्नलचा इम्पीडन्स कमी करणारं सर्किट, लावा. बॉस कंपनीचे छोटे पेडल बंद असतानाही बफरचं काम करतात. ट्रू बायपासवाले (बंद असताना सिग्नल तसाच सरळ पुढे सोडणारे) करत नाहीत. जुन्या धाटणीचा फझ (आवाज खरबरीत करणारा पेडल) असेल तर तो बफरच्या आधी हवा, त्याला थेट पिकअपच लागतो.

माइकची केबल बॅलन्स्ड (बाहेरून शिरणारी खरखर कापणारी) आणि कमी इम्पीडन्सची, तिची काळजी नको. काळजी माइकच्या जागेची करा. 1965पासून विकला जाणारा शुअर एसएम57 माइक कॅबिनेटच्या जाळीपासून इंचभर धरा आणि स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे थोडाथोडा सरकवत ऐका. मध्यावर आवाज धारदार, कडेला मऊ. वायरीने पडतो त्याहून कितीतरी मोठा फरक इथे पडतो, तेव्हा भरपूर वेळ द्या.

या मांडणीचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. आतल्या खोलीत विजेचं काहीच लागत नाही. हेड आणि रेकॉर्डिंगचं सामान एकाच बोर्डावर राहतं, त्यामुळे दोन खोल्यांच्या अर्थिंगमधून येणारी घरघर टळते. घरघर आली तरी अर्थची पिन कधीही काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वायरीने बाहेर येत नाही: स्पीकरच्या हवेने तारा पुन्हा थरथरून सूर लांबत राहतो, ते. तसा सोलो घ्यायचा असेल तर तेवढ्यापुरतं हेडही आत न्या, कानाला जपा, आणि कॅबिनेटसमोर उभं राहूनच वाजवा.