"समजलं का?" विचारणं मी बंद केलं

ऑनलाइन फिजिक्स शिकवायला लागले तेव्हा दर दहा मिनिटांनी "समजलं का?" विचारायचे, चॅटमध्ये दोघंतिघं 'येस मॅम' टाकायचे, बाकीचे कॅमेरा बंद करून गप्प, आणि मी पुढे जायचे. मग टेस्टमध्ये कळायचं की अर्ध्या मुलांचा वेग आणि त्वरण (वेग बदलण्याचा दर) यात अजून गोंधळ आहे. फार वाईट वाटायचं.

म्हणून पोल, म्हणजे स्क्रीनवर पर्याय देऊन प्रत्येकाला एक निवडायला लावणं, घ्यायला लागले, पण सुरुवातीचे वायाच गेले. व्याख्या विचारायचे, सगळ्यांची उत्तरं बरोबर, मला काहीच कळत नव्हतं. जो पटकन दाबेल त्याला जास्त गुण अशी क्विझपण घेतली, तर शांतपणे विचार करणारी मुलं मागे पडली आणि हळूहळू भागच घेईनात. ती क्विझ सोडून दिली.

मग हार्वर्डच्या एरिक मझूर सरांची पीअर इन्स्ट्रक्शन पद्धत वाचली, ती त्यांनी १९९१ मध्ये वापरायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग एकमेकांना पटवायचं, मग परत तोच प्रश्न. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असली तर चर्चेला अर्थ, त्याहून कमी असली तर आपणच परत शिकवायचं. हे मला फार पटलं.

मी विचारलं, सरळ वर फेकलेला बॉल सगळ्यात वर पोचला की त्या क्षणी त्याचं त्वरण किती? बऱ्याच जणांनी शून्य निवडलं. इथे एक सांगते, निकाल लगेच दाखवायचा नाही, मी आधी दाखवायचे तर सगळे जास्त मतं मिळालेल्या पर्यायाकडे पळायचे. झूममध्ये आपण शेअर करेपर्यंत तो मुलांना दिसतच नाही, ते बरंय. उत्तर न सांगता तिघातिघांना ब्रेकआउट रूममध्ये (झूममधल्या छोट्या वेगळ्या गटांत) पाठवलं. एका रूममध्ये डोकावले तर एक मुलगी सांगत होती, "अरे वेग शून्य, आणि त्वरणपण शून्य असतं तर बॉल तिथेच लटकून राहिला असता ना!" मी इतकं सोपं कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पोलमध्ये बहुतेक जण 'खालच्या दिशेने ९.८ मी/से²' या बरोबर उत्तरावर आले.

ज्यांचं नेट हळू आहे ते पर्यायाचा नंबर फक्त मला खाजगी चॅटमध्ये टाकतात. आणि चुकीचे पर्याय मी आता मनाने बनवत नाही, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतूनच उचलते.