पाठवाऱ्यावर लेझर

अलिबाग-मांडव्याकडे दुपारी वायव्येचा खारा वारा भरला की लेझरच्या, म्हणजे एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत, पाठवाऱ्याच्या परतीच्या टप्प्यात बरेच जण निवांत बसतात. माझ्या मते शर्यत इथेच फिरते.

आधी व्हँग (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणारी दोरी) सैल करा, डॅगरबोर्ड (होडीच्या मधून पाण्यात उतरणारी फळी) साधारण एक तृतीयांश वर घ्या, पूर्ण काढू नका. मग होडी वाऱ्याच्या बाजूला किंचित कलती ठेवा. सुकाणूची दांडी हातात हलकी झाली की कल बरोबर.

व्हँग फारच सैल सुटला, तर शिडाचा वरचा भाग डोलकाठीच्या पुढे वळतो, काठीला वाऱ्याकडे ढकलतो, होडी डुलत तुमच्याच अंगावर येते. अशा वेळी मेनशीट (शीड आत ओढायची दोरी) झटकन हातभर ओढा आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, थोडी वाऱ्याकडे वळवा. घाबरून दांडी उलटी ओढली, की उलटलीच!

लाट मागून उचलू लागली की तिच्या उतारावर वळा, अंग क्षणभर पुढे. खळग्यात पोचण्याआधी पुन्हा वाऱ्याकडे, वेग टिकतो. आणि मागे बघत राहा. झुळूक मागूनच येते, तुमचा वारा अडवणारी होडीही. वळणाच्या बोयापासून (पाण्यावर तरंगणारी खूण) तीन होड्यांच्या लांबीइतक्या अंतरात शिरताना आतली बाजू तुमची हवी. त्याची तयारी बरीच आधी करावी लागते.